‘स’ खाणारं नेटवर्क

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि मी खिडकीत बसून अव्वाशी फोनवर बोलत होते. अव्वा म्हणजे माझी आई. ती खाली, माझ्याच खिडकीखाली उभी, हात वर केला असता तर माझी ओढणी धरता आली असती इतकी जवळ. दोघींच्या हातात नवेकोरे बटणांचे फोन. “इथनंच लावून बघू, लागतोय का,” हे तिचंच डोकं. मी लावला. तिनं उचलला आणि माझ्याकडं पाठ केली, कारण समोर माणूस दिसत असताना फोनवर बोलायची तिला लाज वाटत होती.

“हां, शशी, पोचलीस व्हय?”

“अव्वा, गाडी अजून हाललीच न्हाय.”

“बरं बरं. पोचल्यावर असंच सांग.”

शेजारच्या सीटवरच्या बाई हसल्या, मीही हसले. मग कंडक्टरनं बेल मारली, गाडी मागं सरकली आणि अव्वा वळली, फोन कानाला तसाच. गाडी स्टँडबाहेर पडली तरी कॉल चालूच होता. तिच्या बाजूचा गोंगाट मला ऐकू येत होता, “अक्कलकोट, अक्कलकोट” असं ओरडणारा माणूस, कुणाचं तरी रडणारं पोर. पुढं कधीतरी तिच्या गालाखाली बटण दाबलं गेलं असणार. फोन बंद झाला आणि मग मला रडू आलं.

हे मी आमच्या गल्लीत राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि गल्लीतून उठून पुण्याला, हैदराबादला, दुबईला, जिथं काम मिळालं तिथं गेलेल्यांसाठीही. आपण सगळे दिवसाआड घरी फोन लावतो आणि तेच तेच बोलतो. जेवलीस का, बरी हायस का, पाऊस हाय का. पलीकडचं नीट ऐकू आलं नाही की दोन्हीकडून मोबाईल कंपनीला शिव्या घालतो. त्या शिव्या झेलायचीच मी नोकरी केली, म्हणून मला ह्या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

आमचं घर मूळचं अक्कलकोटकडचं. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही, आणि बऱ्याचदा एकाच वाक्यात. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा माझा थोरला भाऊ मल्लूदादा नुकता एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागला होता आणि मी कॉलेजात होते. अव्वानं कुणाला न विचारता कडक भाकरीचा धंदा काढला. बाहेरच्यांसाठी सांगते, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर कापडानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. ती लई दिवस टिकते. लग्नकार्याला जाते, प्रवासाला जाते, परदेशी निघालेल्या पोरांच्या बॅगेत जाते. अव्वाच्या भाकरीला नाव होतं. लोक फोन करून तिला काम सांगायचे, आणि दादा कुणाला तरी “अव्वाला विचारून सांगतो” म्हणाला की ती स्वयंपाकघरात ऐटीत मान हलवायची. अप्पा होते तेव्हा तिला विचारून सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पुण्यात मी एका मोबाईल कंपनीच्या कस्टमर केअरला लागले. मराठी येतं, कन्नड येतं, शिव्या खाऊन शांत राहता येतं, एवढं त्यांना पुरे होतं. फक्त माझं मराठी त्यांना चालेना. पहिल्याच आठवड्यात मी एका ग्राहकाला “रेंज न्हाय व्हय? थांबा की वो, बघते” असं म्हणाले, तर ट्रेनर मॅडमनी मला हेडफोन काढायला लावला. “शशिकला, ‘आहे’ म्हणायचं. ‘हाय’ म्हणजे इंग्रजीत नमस्कार.” सगळी बॅच हसली. मला राग आला होता, आणि भांडायला मी काही कमी नाही, पण पगार त्याच जिभेचा मिळणार होता. जीभ वळवली. “नमस्कार, मी शशिकला बोलत आहे, मी आपली काय मदत करू शकते?” हे वाक्य इतकं अंगात भिनलं की एकदा रिक्षावाल्यालाही तेच म्हणाले. सुरुवातीला ऑफिसात ‘आहे’ आणि खोलीवर ‘हाय’ असं चालायचं. पुढं खोलीवरही ‘आहे’ झालं, फोनवरही ‘आहे’ झालं, आणि त्याचं काही वाटेनासं झालं.

त्या नोकरीत एक कळलं, फोनबद्दल मत नाही असा माणूस आपल्याकडं सापडणार नाही. नातेपुत्याच्या एका आजोबांची तक्रार होती की टॉवर त्यांच्या शेताकडं तोंड करून उभा हाय, पर रेंज सगळी पलीकडच्या वस्तीला जाती. एक बाई दर महिन्याला विचारायच्या, फोन बंद ठेवला तर नेट साठून राहतं का. बटणाचा फोन असलेल्यांना टचचा फोन म्हणजे नसतं खूळ वाटायचं, आणि टचवाल्यांना आपला फोन कालच जुना झालाय असं वाटायचं. आमच्या शेजारचे काका तर अजून सांगतात की फाईव्ह जी आल्यापासून दूध लवकर नासतं. त्यांच्याशी कोण वाद घालणार? दूध खरंच नासतं, उन्हाळा असतो.

अव्वाचं मत मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत एकच झालं होतं. नेटवर्क खराब. आधी ती फोनवर तासभर बोलायची. गल्लीतलं लग्न, दादाच्या बायकोची कुरकुर, ज्वारी कशी आली, सगळं. मग बोलणं आखडत गेलं.

“अव्वा, जेवलीस का?”

“न्हाय गं, पाऊस कुटला.”

“अगं, जेवण. जेवण झालं का?”

“व्हय व्हय, ठीक हाय. आवाज कट होतोय तुझा. ठेवू?”

आणि ठेवायची. मी कस्टमर केअरची ना, मग काय, घरी कस्टमर केअर केलं. फोन बंद करून चालू कर. सिम काढून पुसून घाल. गच्चीवर जाऊन बोल. ती बिचारी गुडघे धरत गच्चीवर चढायची आणि तिथूनही “कट होतोय” म्हणायची. तिनं नव्या पेठेतल्या दुकानात जाऊन फोनची जाळी साफ करून घेतली. मग सिम बदललं. मग नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, म्हणजे माझीच कंपनी सोडून दुसरीकडं गेली, आणि हे मला मोठ्या आनंदानं सांगितलं. शेवटी दादानं तिला मोठ्या स्क्रीनचा स्मार्टफोन आणून दिला. “हात लावला की पळतंय,” हे तिचं त्यावरचं पहिलं मत. गाल लागला की कॉल कटायचा, म्हणून तिनं कानाला लावणंच सोडलं. स्पीकर चालू करून फोन तळहातावर आडवा धरायची आणि तोंडापुढं नेऊन ओरडायची. अख्ख्या गल्लीला माझा पगार कधी होतो ते कळायला लागलं. तरी तिला माझं बोलणं अर्धंच कळत होतं.

मला वाटायचं, वय होतंय, तिला आता बोलायचा कंटाळा येतोय. नाही तर आपल्याशीच बोलायचा कंटाळा येतोय. मीही मग कमी बोलायला लागले. “बरी हायस?” “बरी आहे.” “ठेवू?” “ठेव.” असे आमचे फोन व्हायला लागले, आणि ठेवल्यावर हातात काहीच राहायचं नाही.

मग ती बारशाची ऑर्डर झाली. नव्या पेठेतल्या एका कापड दुकानदाराच्या घरी बारसं होतं. त्या बाईंनी फोनवर साठ भाकऱ्या सांगितल्या. बारशाच्या सकाळी अव्वा रिक्षानं गेली आणि आठ भाकऱ्या स्वच्छ कागदात बांधून त्यांच्या हातात दिल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्या बाई आधी हसल्या, त्यांना वाटलं उरलेल्या रिक्षात असतील. मग त्यांचा चेहरा उतरला. अव्वा म्हणाली, “तुमी आठ म्हणला की.” त्या म्हणाल्या, “अव्वा, आठ भाकऱ्यांचं कुणी बारसं करतं का?” ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचली, आणि दादापर्यंतही.

दादा काही वाईट नाही. पण त्याचं एकच तुणतुणं, आता बस कर, वय झालं, लोक नावं ठेवतात. बारशानंतर तो म्हणाला, ह्या महिन्याच्या ऑर्डरी कर आणि मग धंदा बंद. अव्वानं मला फोन करून सगळं सांगितलं, म्हणजे ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले, हे तिला जमत होतं. “नवीन कंपनी बी तसलीच निघाली बघ,” ती म्हणाली. “साठ म्हणल्यालं आठ येतंय. परवा त्या मास्तरीणबाईनं सहा पाकिटं म्हणलं, मला दहा आलं. एकीनं शनिवारी पायजे म्हणलं, मला रविवारी आलं. कसला धंदा करायचा असल्या नेटवर्कवर?”

तेव्हा मी ऑफिसात क्वालिटीला होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे. नेटवर्क खराब असलं की आवाज कसा जातो हे मला पाठ होतं. अख्खा शब्द गायब होतो, नाही तर अर्धं वाक्य, नाही तर माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये डबा खाता खाता मी अव्वाच्या तक्रारी पुन्हा मनात म्हणत होते, कारण हसूही येत होतं. साठचं आठ. सहाचं दहा. शनिवारचं रविवार. आणि घास तोंडात तसाच राहिला. प्रत्येक वेळी तेच एक अक्षर जात होतं. स नाही तर श. नेटवर्क असं निवडून खात नाही. कुठल्याच कंपनीचं नाही, माझी असो की तिची नवीन.

त्या शनिवारी मी सोलापूरला गेले. अव्वाला काही सांगितलं नाही, म्हटलं आधी बघू. सकाळी ती तव्यापुढं बसली होती, मी तिच्या मागं चहा ठेवला होता आणि पातेलं उतरवायचं होतं. घरी गेलं की माझी जीभ आपोआप गल्लीची होते. साध्या आवाजात म्हणाले, “अव्वा, सांडशी दे गं.”

तिचा हात थांबला. ती वळली. “काय?”

“सांडशी दे की.”

तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरले. “अंडी? ह्या घरात अंडी मागायलीस? पुण्याला जाऊन हे शिकलीस व्हय?”

आमच्या घरात अंड्याचं नाव निघत नाही. बाहेर कुणी खाऊन आलं तरी अव्वा त्याला आधी हातपाय धुवायला लावते. दादा बाहेरून धावत आला, त्यानं विचारलं काय झालं, आणि मी सांगितल्यावर तोही भिंतीला टेकून हसायला लागला. मी तर खालीच बसले. चहा उतू गेला. अव्वा उलथणं हातात घेऊन उभी, आमच्या दोघांकडं बघत, आम्ही का हसतोय ते तिला कळत नव्हतं. तिचं ते बघणं दिसलं आणि माझं हसणं थांबलं. आमच्या दोघींमध्ये फोन नव्हता, टॉवर नव्हता, काहीच नव्हतं. चार हातांचं स्वयंपाकघर होतं.

दादा गेल्यावर मी तिच्यासमोर बसले, माझं तोंड तिला दिसेल अशी, आणि म्हणाले, “अव्वा, मी सांडशी म्हणले. अंडी न्हाय.”

“गॅसचा आवाज हाय की.”

“गॅस बारीक हाय.”

“मग रेंज...” ती म्हणाली आणि थांबली. स्वयंपाकघरात रेंज कसली, हे तिलाही कळलं.

“कान दाखवू या का?”

“मी किवडी न्हाय.”

किवडी म्हणजे कन्नडमध्ये बहिरी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, तिला सगळे किवडव्वाच म्हणायचे, खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं तिच्या दारात जाऊन काहीबाही ओरडायची आणि ती “या, बसा” म्हणायची. मीही त्या पोरांत असायचे. अव्वा तिला रोज भाजी द्यायची, आणि आपल्याला कधी हे नाव पडू नये म्हणून किती घाबरत होती ते मला त्या दिवशी कळलं.

तिनं बाहेर दादा आहे का ते वाकून बघितलं. मग पिठात बोटं फिरवत म्हणाली, “रेंज खराब म्हणलं की कंपनीचा दोष. कान खराब म्हणलं की मल्लू उद्या परात माळ्यावर टाकतोय. मग मी काय करू, भिंतीकडं बघत बसू दिवसभर? आन् तुझा फोन? हिला ऐकूच येत न्हाय म्हणल्यावर तू तरी कशाला करशील?”

मी तिच्यावर चिडत होते, ती मला कंटाळलीय असं समजत होते, आणि ही बाई माझा फोन बंद होऊ नये म्हणून सगळ्याला व्हय व्हय म्हणत होती. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. मी परात ओढली आणि तिच्यासोबत भाकऱ्या थापायला बसले. माझ्या भाकरीचा नकाशा झाला, तो तिनं मोडून पुन्हा थापला.

तिचं मन वळवलं ते माझ्या बोलण्यानं नाही. दुपारी आम्ही दोघी नव्या पेठेत ऑर्डर पोचवायला गेलो. ह्या वेळी आकडा मी कागदावर लिहून घेतला होता. साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली पोरगी एकटीच हवेत बोलत होती, हातवारे करत. तिच्या कानात दोन काळी बोंडं. अव्वा तिच्याकडं बघतच राहिली. त्या पोरीचं बोलणं संपल्यावर जवळ जाऊन विचारलं, “बाळ, ऐकू येत न्हाय का तुला?”

पोरगी हसली. “येतंय की अव्वा. हे ब्लूटूथ हाय. फोन डायरेक्ट कानात येतोय.”

“तुला कोण नावं ठेवत न्हाय?”

“कशाला ठेवतील? सगळ्यांकडंच हाय.”

अव्वा दुकानातून बाहेर पडली. रस्त्यावर, माणसांच्या गर्दीत, ती प्रत्येकाच्या कानाकडं बघत चालत होती. रिक्षात बसल्यावर तिनं स्वतःच्या कानाची पाळी चाचपली. मग बाहेर बघत म्हणाली, “ते कानाचं मशीन असतंय न्हवं. ते फोनला जोडतंय का?”

“जोडतंय.”

“मग चल. आज चल. उद्या माझं मन बदलंल.”

कान तपासणाऱ्या बाई वयानं माझ्याएवढ्या होत्या. त्यांनी अव्वाला काचेच्या खोलीत बसवलं, मोठे हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मग तोंडापुढं कागद धरून एकेक शब्द म्हणायला लागल्या, अव्वानं तो परत म्हणायचा. त्या म्हणाल्या “सून”, अव्वा म्हणाली “ऊन”. त्या म्हणाल्या “भात”, अव्वा म्हणाली “भात”. त्या म्हणाल्या “साठ”, आणि मी काचेबाहेर डोळे मिटून घेतले. “आठ,” अव्वा ठामपणे म्हणाली.

बाहेर आल्यावर बाईंनी तिला समजावून सांगितलं की तिला आवाज ऐकू येतो, फक्त बारीक, पातळ आवाज गळतात, स, श, फ असे. मग उरलेल्या शब्दावरून माणूस अंदाज करतं आणि बऱ्याचदा तो बरोबरही येतो.

“म्हंजी मी किवडी न्हाय,” अव्वा म्हणाली.

“नाही आजी.”

“हिला सांगा जरा.”

मशिनं दाखवली. एक कातडीच्या रंगाचं, केसांत लपणारं, कुणाला दिसणार नाही असं. दुसरं काळं, चकचकीत, कानावर स्पष्ट दिसणारं. बाई म्हणाल्या, बहुतेक आजी लपणारंच घेतात. अव्वानं काळं उचललं. “लपवलं की लोकाला वाटतंय काय तरी लपवलंय,” ती म्हणाली. “हे दिसू दे. ब्लूटूथ हाय म्हणीन.”

खाली रस्त्यावर आलो आणि ती कानावर हात ठेवून उभी राहिली. “सोलापूर एवढं ओरडतंय व्हय?” रिक्षात ती स्वतःच्या बांगड्या हलवून बघत होती. घरी आल्यावर तिनं सकाळची एक भाकरी घेतली आणि मोडली. कट्ट असा आवाज झाला. पुन्हा एक तुकडा मोडला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “ह्याचा आवाज यायचा बंद झालता. मला वाटायचं कडकच होत न्हाय, म्हणून आणखी आणखी भाजत हुते.” वर्षभर गिऱ्हाइकं म्हणत होती, अव्वा, हल्ली भाकरी दाताला जड जाते. तिनं ज्वारीला दोष दिला होता.

गल्लीत तिनं ब्लूटूथच सांगितलं. “पोरगी कंपनीत हाय ना, तिनं जोडून दिलंय, ऑर्डर डायरेक्ट कानात येती.” कुणीही हसलं नाही. दोन बायकांनी हळूच विचारलं, कुठं मिळतं. शेजारच्या काकांनी मान हलवून सांगितलं, कानात फाईव्ह जी घालून घेतलंय, आता बघा काय होतंय ते. दादा दोन दिवस येता-जाता तिच्या कानाकडं बघायचा. मी आमच्या ऑफिसातली युक्ती अव्वाला शिकवली होती, आकडा दोनदा, दोन भाषांत विचारायचा. तिसऱ्या दिवशी दादासमोरच ऑर्डरीचा फोन आला आणि अव्वा ताठ बसून म्हणाली, “साठ, म्हंजी सिक्स्टी की? बरं. शनिवारी, सॅटरडेला.” फोन ठेवल्यावर दादानं कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि दळण आणायला गेला. धंदा बंद करायचं पुन्हा त्यानं काढलं नाही.

मी पुण्याला परत आले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपली, ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन घरी फोन लावला. दिवसभर कामावरच्या भाषेत बोललेलं, तीच जिभेवर होती. “अव्वा, मी व्यवस्थित पोहोचले आहे. काल फोन करायला जमलं नाही. तू जेवलीस का?”

उत्तर आलं नाही. सवयीनं मी स्क्रीन बघितली. रेंज भरलेली होती.

“अव्वा, ऐकू येतंय का?”

“येतंय. लई साफ येतंय.” मग म्हणाली, “शशीच बोलायलीस न्हवं?”

“मीच आहे. असं काय विचारतेस?”

“तू ‘आहे’ म्हणतीस.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मला इतके दिस ‘हाय’ ऐकू येत हुतं,” ती म्हणाली. “तू ‘हाय’च म्हणत हुतीस की.”

मी किती वर्षांत फोनवर ‘हाय’ म्हटलं नव्हतं. माझ्या बोलण्यातला जेवढा तुकडा तिच्यापर्यंत पोचत होता तेवढा घेऊन बाकीचा ती स्वतःच भरत होती, घरातून गेलेल्या शशीच्या आवाजात. एवढे दिवस ती त्याच शशीशी बोलत होती, आणि आज पहिल्यांदा माझ्याशी बोलत होती. मी घाईघाईनं म्हणाले, “न्हाय गं अव्वा, ते हापिसामुळं हाय, मी काय...” माझंच मला खोटं वाटलं, नाटकात गावंढळ बाईचं काम करतेय तसं. आणि आता तिला ते सगळं ऐकू येत होतं.

“नगं,” ती म्हणाली. “ओढून-ताणून बोलू नगं. जशी बोलतीस तशी बोल. ती मशीनवाली बाई म्हणली, पयल्यांदा सगळं परकं वाटतंय, रोज घाला, सवय होती. तुझी बी होईल की.”

मी पायरीवर बसले. आत्तापर्यंत मी घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर सांगितलं असतं, जिथं मला कुणी ‘आहे’ म्हणायला लावत नाही ते घर. आता तसं वाटत नाही. मी ‘आहे’ म्हणाले तरी जिथलं माणूस कानात यंत्र घालून, थोडं तोंड वाकडं करून का होईना, मला नव्यानं ऐकून घेतं, ते माझं घर. ते सोलापुरातच आहे, त्या चार हातांच्या स्वयंपाकघरात, पण आता तिथं जायला मला जुनी शशी व्हावं लागत नाही. तुम्ही जे बाहेर गेलात आणि जे मागं राहिलात, त्यांना एवढंच सांगायचं होतं की पलीकडून “आवाज कट होतोय” असं कुणी म्हणालं, तर लगेच ठेवू नका.

“बोल आता,” अव्वा म्हणाली. “कशी हायस?”

“बरी आहे.”

“बरी आहे म्हणताना आवाज खाली का जातोय तुझा? आदी मला कळत नव्हतं. आता कळतंय.”

नेहमीप्रमाणे “काही नाही गं” म्हणून सुटता आलं नाही. गेटमधून पुढच्या शिफ्टची पोरं आत येत होती, मी बॅग मांडीवर घेतली आणि तिला खरं काय ते सांगायला लागले.